कुलूप विद्यार्थ्याचे, जबाबदारी कोणाची?

जून-जुलै उजाडला की महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत नव्या विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू होते. बरोबर वळकटी, पत्र्याची पेटी किंवा चाकांची बॅग, घरून दिलेला फराळाचा डबा आणि वडीलधाऱ्यांच्या सूचनांचे ओझे असते. प्रवेशाचे सोपस्कार आटोपून व अनामत रक्कम भरून हा विद्यार्थी खोलीकडे निघतो, तेव्हा सूचनाफलकावरील एक मजकूर हमखास त्याच्या नजरेस पडतो. मौल्यवान वस्तू ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात. चोरी अथवा नुकसान झाल्यास वसतिगृह जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय असतो. शब्द थोडेफार निराळे असतील; पण हा फलक जेथे नाही असे वसतिगृह शोधूनच काढावे लागेल.

या फलकात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. आपल्या वस्तूची काळजी आपणच घ्यावी, हा शहाणपणाचा सल्ला आहे. परंतु सल्ला देणे वेगळे आणि जबाबदारी झटकणे वेगळे. खोलीच्या दाराची कडी कोणत्या दर्जाची असावी, कपाटाला कुलूप लागते की नाही, जिन्यात रात्री दिवा असावा की नसावा, फाटकावर कोणास उभे करावे आणि खोल्यांच्या जादा किल्ल्या कोणाच्या ताब्यात असाव्यात, यांपैकी एकही गोष्ट विद्यार्थी ठरवीत नाही. ती ठरविणारे प्रशासन चोरी झाल्यावर मात्र फलकाकडे बोट दाखविते. अधिकार एकाकडे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. तिचा विचार नव्याने होण्याची वेळ आली आहे.

विद्यार्थ्याच्या खोलीत चोरण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न एके काळी विचारता आला असता. एक घड्याळ, एक सायकल, महिनाअखेर उरलेले चार रुपये, एवढीच त्याची संपत्ती होती. आज तसे राहिलेले नाही. गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून पुण्याला आलेल्या मुलाच्या खिशातील मोबाइल हीच त्याची पतपेढी असते, टपालपेटी असते आणि ग्रंथालयही असते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचा, त्याचा सांकेतिक क्रमांक मोबाइलवर यावयाचा, परीक्षेचे प्रवेशपत्र त्यावरच उतरवून घ्यावयाचे. असा फोन सत्राच्या मध्यास गेला तर नुकसान केवळ त्याच्या किमतीएवढे होत नाही; अर्जाची मुदत टळते, घराशी संपर्क तुटतो आणि कित्येकदा बँकेतील शिल्लकही धोक्यात येते. संगणकाची गोष्ट तर आणखीच वेगळी. कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप वर्षअखेरीस नाहीसा झाला म्हणजे त्याबरोबर प्रकल्पाचे अहवाल आणि प्रबंधाची टिपणेही जातात. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे पेटीत असतील आणि पेटीच फुटली तर दुय्यम प्रती मिळविण्यासाठी जे हेलपाटे घालावे लागतात, ते ज्याने घातले आहेत त्यालाच ठाऊक. सधन घरातील मुलास चोरी हा मनस्ताप असतो. गरीब घरातील मुलाचे शिक्षण तिने अडू शकते. म्हणूनच वसतिगृहातील चोरीला किरकोळ बाब म्हणणे हे अप्रत्यक्षपणे त्या मुलालाच किरकोळ म्हणण्यासारखे आहे.

महाराष्ट्राला वसतिगृहांची जी परंपरा लाभली आहे, ती पाहता ही उपेक्षा अधिकच खटकते. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच त्या नगरीत उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले. पुण्यात १९५५ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या होतकरू मुलांना निवारा दिला आणि त्याबरोबर श्रमाची व शिस्तीची सवयही लावली. या संस्थांकडे पैसा बेताचाच होता. पण मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या पालकाला, येथे आपल्या मुलाकडे पाहणारे कोणी तरी आहे, असा विश्वास होता. तो विश्वास भिंतींनी निर्माण केलेला नव्हता. तेथे वास्तव्यास असलेला, मुलांची नावे जाणणारा आणि रात्री एक फेरी मारणारा माणूस हा त्याचा आधार होता.

आज हा माणूस अनेक ठिकाणी दिसेनासा झाला आहे. रेक्टर हे पद एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविले जाते. तो शहराच्या दुसऱ्या टोकास राहतो आणि सही करण्यापुरता येतो. फाटकावरील पहारेकरी कंत्राटदाराचा असतो. त्याला बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार आणि दर काही महिन्यांनी नवी जागा. ज्याला स्वतःच्याच नोकरीची शाश्वती नाही, त्याने परक्यांच्या मालमत्तेचे जिवापाड रक्षण करावे अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ सालचा आहे, आणि रक्षकाचे चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळून पाहण्याची अट त्यात आहे. अट आहे; परंतु ती पाळली गेली की नाही हे पाहण्याची तसदी वसतिगृहाने घेतली पाहिजे, आणि नेमकी तेथेच ढिलाई होते.

या ढिलाईची किंमत केवढी असू शकते हे जून २०२३ मध्ये मुंबईने पाहिले. चर्नी रोडजवळच्या शासकीय महिला वसतिगृहात अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृतदेह तिच्या खोलीत आढळला. अत्याचार आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. संशय होता तो त्याच वसतिगृहात काम करणाऱ्या आणि पहाऱ्याचेही काम पाहणाऱ्या माणसावर. त्याच दिवशी त्याचाही मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. राजधानीच्या मध्यवर्ती भागात, शासनाच्या वास्तूत हे घडले. धोका नेहमी भिंतीवरून उडी मारूनच येतो असे नाही; ज्याच्या हाती फाटक सोपविलेले असते त्याच्या रूपानेही तो येऊ शकतो, हा त्या घटनेचा धडा होता. अशा घटनेनंतर समिती नेमली जाते आणि शिफारशी होतात. पण राज्यातील प्रत्येक वसतिगृहाच्या रेक्टरने त्यानंतर आपल्या इमारतीतील किल्ल्यांचा हिशेब एकदा तरी तपासला काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चोरीच्या मुळाशी जागेची टंचाईही आहे. वसतिगृहातील जागा थोड्या आणि गरजू विद्यार्थी पुष्कळ, अशी स्थिती बहुतेक सर्व विद्यापीठांत आहे. त्यातून एका खाटेवर दोघांनी भागविण्याची सवय पडते. अधिकृत प्रवेश नसताना मित्राच्या खोलीत राहणाऱ्यास विद्यार्थ्यांच्या बोलीत 'पॅरासाईट' म्हणतात. शब्द निष्ठुर आहे, आणि ज्याला तो लावला जातो तो बहुधा परिस्थितीने गांजलेला मुलगाच असतो. परंतु खोलीत नेमके कोण राहते हेच जेथे नोंदवहीला ठाऊक नाही, तेथे अनोळखी माणसास कोणी हटकत नाही. कोणाचा तरी मित्र असेल, असे म्हणून प्रत्येक जण पुढे जातो. ज्यांना वसतिगृह मिळत नाही ते शहरात 'कॉट बेसिस'वर राहतात. तेथे एका खोलीत सहा-आठ खाटा आणि सामानाला खाटेखालची जागा एवढीच सोय. शासनाच्या स्वाधार योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी रक्कम मिळते, हे स्वागतार्ह आहे; पण पैसे दिल्याने छप्पर मिळते, सुरक्षितता मिळतेच असे नाही. अशा खासगी निवासांची नोंद, तपासणी व किमान सोयींची अट हा विषय महापालिकांनी आणि विद्यापीठांनी मिळून हाती घेण्याजोगा आहे.

चोरी झाल्यानंतर जे घडते ते कित्येकदा चोरीपेक्षाही वाईट असते. प्रशासन लक्ष घालीत नाही आणि पोलिसांत जाऊन काही उपयोग नाही, अशी समजूत पक्की झाली की मुले न्याय स्वतःच्या हाती घेऊ लागतात. प्रथम संशय जातो तो सफाई कामगारावर, खानावळीतल्या पोऱ्यावर किंवा खोलीतील सर्वांत गरीब, सर्वांत अबोल मुलावर. त्याची पेटी चारचौघांत उघडली जाते. त्यात काही सापडले नाही तरी त्याच्याकडे पाहण्याची नजर बदललेली असते. हा मार्ग कोठवर जातो हे कोलकात्याने दोनदा दाखवून दिले आहे. तेथील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात नोव्हेंबर २०१४ मध्ये मोबाइल चोर समजून एका मनोरुग्णाला ठार मारण्यात आले. पुढे दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, त्याच शहरातील विद्यार्थ्यांच्या एका शासकीय वसतिगृहात तशाच संशयावरून एका माणसाला मरेपर्यंत मारहाण झाली आणि तेथे राहणाऱ्या अनेक जणांना अटक झाली. दोन्ही वेळा उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांवर खुनाचा आरोप आला. ही मुले काही जन्मजात गुन्हेगार नव्हती. एका यंत्राच्या चोरीसाठी माणसाचा जीव घेण्याइतकी त्यांची बुद्धी फिरली याची जबाबदारी त्यांची आहेच. परंतु तक्रार ऐकणारी, तपास करणारी आणि निकाल देणारी यंत्रणा जेथे नसते, तेथे जमावच न्यायाधीश होऊन बसतो, हेही विसरता येत नाही. वस्तूंच्या सुरक्षिततेची व्यवस्था नीट लावणे म्हणजे माणसांचीही सुरक्षितता सांभाळणे होय, असे म्हणावयाचे ते याचसाठी.

सुरक्षितता म्हणजे केवळ कुलपे आणि गज, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. चोर आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पक्के गज बसवायचे, मागचा जिना कुलूपबंद करायचा आणि किल्ली कोणा एकाच्या खिशात ठेवायची, ही आपल्याकडील सर्रास रीत आहे. केनियातील क्यांगुली येथील माध्यमिक शाळेच्या शयनगृहाला मार्च २००१ मध्ये आग लागली तेव्हा दोन दारांपैकी एक बंद होते आणि खिडक्यांना गज होते. ६७ मुले मृत्युमुखी पडली. गयानामधील माहदिया या गावी मे २०२३ मध्ये मुलींच्या वसतिगृहास आग लागली, त्या वेळीही खिडक्यांना गज आणि दारांना कुलपे होती. गोंधळात किल्ल्या सापडल्या नाहीत आणि वीसच्या आसपास मुलांचा बळी गेला. फोन काढून घेतल्याच्या रागातून एका विद्यार्थिनीने ती आग लावली, असा आरोप पुढे आला. हे देश दूरचे आहेत. पण गजांची खिडकी, बंद जिना आणि हरवलेली किल्ली यांत परके असे काहीच नाही. आपल्याकडे तर खोलीखोलीतून पाणी तापविण्याच्या कॉइल, विजेच्या शेगड्या आणि एकाच जोडणीवर चढविलेले चार-चार चार्जर असतात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ सालचा आहे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करण्याची तरतूद त्यात आहे. ते प्रमाणपत्र वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावण्यास काय हरकत आहे? जबाबदारी नाकारणारा कागद जेथे लावता येतो, तेथे जबाबदारी स्वीकारणाराही लावता येईल.

मुलींच्या वसतिगृहांबाबत तर सुरक्षितता या शब्दाचा अर्थच बदलून जातो. संध्याकाळी ठरावीक वेळेस फाटक बंद केले की काम संपले, असे तेथे मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थी-सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत संरक्षक भिंत, पहारेकरी, बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही कॅमेरे यांवर भर होता. समुपदेशनाचाही उल्लेख होता. त्याच वर्षी दिल्लीतील विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' या नावाने वसतिगृहांतील वेळेच्या निर्बंधांविरुद्ध आवाज उठविला. त्यांची भाषा काहींना प्रक्षोभक वाटली असेल. पण ग्रंथालय रात्री उघडे असताना मुलांनी तेथे बसावे आणि मुलींनी परतावे हा कोणता न्याय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. शिवाय मुंबईतील घटना फाटकाच्या आतच घडली. डांबून ठेवणे आणि सुरक्षित ठेवणे यांतील अंतर प्रशासनाने ओळखले पाहिजे. रस्त्यावर दिवे, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत रात्रीची गाडी आणि हाक मारताच धावून येईल अशी महिला अधीक्षक, ही खरी सुरक्षितता होय. ती खर्चाची आहे, आणि कुलूप स्वस्त आहे, एवढाच काय तो फरक.

विद्यार्थ्यांच्या बाजूने काहीच चुकत नाही असे नाही. स्नानाला जाताना दार नुसते ओढून घेणे, फोन खिडकीत चार्जिंगला लावून खाली खानावळीत उतरणे, किल्ली दाराच्या चौकटीवर किंवा चपलेत ठेवणे, सर्व मूळ कागदपत्रे एकाच पेटीत बाळगणे, या सवयी चोराला आमंत्रण देणाऱ्या आहेत. भोळेपणा हा गुण असला तरी कुलपाच्या बाबतीत तो कामाचा नाही. आपले स्वतःचे चांगले कुलूप आणावे. मोबाइलवर *#०६# दाबले असता दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा. खरेदीच्या पावत्या घरी असाव्यात, अभ्यासाच्या संचिकांची प्रत अन्यत्र असावी आणि गरज नसलेली मूळ प्रमाणपत्रे घरीच राहू द्यावीत. या गोष्टींना पैसा लागत नाही, थोडी सवय लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या खोलीत कोण राहते हे माहीत असावे. अनोळखी माणसास नम्रपणे कोणाकडे आलात असे विचारणारा विद्यार्थी दहा कॅमेऱ्यांचे काम करतो.

चोरी झालीच तर कायदा पूर्वीपेक्षा अधिक साहाय्यकारी झाला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली राहत्या जागेतील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार घटना कोणत्याही हद्दीतील असली तरी पोलिसांना खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. पोलिस ठाण्यात 'चोरी'ऐवजी 'गहाळ' अशी नोंद करून दाखला हाती ठेवण्याचा प्रघात आहे. शब्द एकच बदलतो, पण त्याने तपासाची निकडच नाहीशी होते. विद्यार्थ्याने, आणि त्याच्याबरोबर गेलेल्या रेक्टरने, योग्य शब्दाचा आग्रह धरला पाहिजे. पोलिसांतील तक्रारीच्या आधारे केंद्र शासनाच्या सीईआयआर यंत्रणेवर चोरीचा फोन बंद पाडता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. संहितेत आणखी एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने माल परत केला, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे. वसतिगृहात चोर कधी कधी विद्यार्थीच निघतो. त्याला मारून वा नावाची दवंडी पिटून काही साधत नाही. चूक पदरात घालून सुधारण्याची वाट कायद्यानेच दाखविली असेल तर संस्थेनेही तितके औदार्य दाखवावे.

आता प्रश्न उरतो तो प्रशासनाने काय करावे याचा. मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक खाटेमागे कुलूप लागेल असे एक मजबूत कपाट असावे. प्रवेशाच्या वेळी लॅपटॉप, फोन, सायकल यांच्या क्रमांकांची नोंद विद्यार्थ्याच्या सहीने घ्यावी. जादा किल्ल्यांची वही असावी आणि किल्ली कोणी, केव्हा, कशासाठी नेली हे तीत लिहिले जावे. रेक्टर वसतिगृहातच राहावा आणि त्या कामाचा मोबदला त्यास मिळावा. पहारेकऱ्यांची पोलिस पडताळणी झाल्याचा कागद दप्तरी असल्याखेरीज त्यांना फाटकावर उभे करू नये, आणि त्यांचे वेतन वेळेवर मिळते की नाही हेही पाहावे. प्रत्येक सत्रात एकदा आगीची कवायत व्हावी. विद्यार्थी प्रतिनिधी, रेक्टर आणि कर्मचारी यांच्या समितीने महिन्यातून एकदा बसून तक्रारी ऐकाव्यात. आणि वर्षअखेरीस किती चोऱ्या झाल्या, किती नोंदविल्या गेल्या व किती वस्तू परत मिळाल्या याचे निवेदन जाहीर करावे. संस्थेची अब्रू जाईल या भीतीने चोऱ्या दडपल्या जातात. वास्तविक अब्रू जाते ती दडपल्यामुळे.

विद्यापीठे मूल्यांकनासाठी जाडजूड अहवाल सिद्ध करतात. त्यांत संशोधन-निबंधांची संख्या असते, इमारतींची छायाचित्रे असतात, सामंजस्य करारांची यादी असते. त्या अहवालात वसतिगृहातील किल्ल्यांच्या वहीला जागा नसते. परंतु आपली मुलगी किंवा मुलगा तीन-चार वर्षांसाठी परक्या गावी पाठविणारा शेतकरी, शिक्षक वा कारकून संस्थेची पारख याच गोष्टींवरून करीत असतो. त्याने मुलाबरोबर पेटी पाठविलेली असते, तशीच आपली सारी उमेदही पाठविलेली असते. ती स्वीकारून अनामत रकमेची पावती देणाऱ्या संस्थेने, आपण जबाबदार नाही, असा फलक दाराशी लावणे शोभत नाही. तो फलक उतरवून, आपण कशाकशास जबाबदार आहोत याची यादी त्या जागी लावण्याचे धैर्य येत्या शैक्षणिक वर्षात एखाद्या विद्यापीठाने दाखवावे.